आठवीनंतरची भूक

सरकारी शाळेतल्या पाचवीच्या मुलाच्या ताटात दुपारी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल पडलं पाहिजे, हे सरकारने लिहून ठेवलंय. सहावीपासून धान्य 150 ग्रॅम होतं, डाळ 30. पाचवीपर्यंत 450 उष्मांक, पुढे आठवीपर्यंत 700, तेही ठरलेलं. आता खिचडी पातळ असते, कुठे त्यात अळ्या निघतात, आणि अंड्याचं धोरण तर महाराष्ट्रात बघता बघता फिरतं: 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या अंड्यांचा निधी 2025 च्या जानेवारीत बंदही झाला. तरी भांडायला हातात एक आकडा असतो. गावातला एखादा खमका बाप मुख्याध्यापकांना विचारू शकतो, डाळ एवढीच का?

नववीच्या पहिल्या दिवशी हा आकडा संपतो. पोर चौदा-पंधरा वर्षांचं झालं, आता त्याचं पोट घरचे बघतील, असा सरकारचा हिशोब असावा. पण गावाकडची मुलं घर सोडतात ती नेमकी याच्या पुढेमागे. अकरावीला तालुक्याला, पदवीला जिल्ह्याला, आणि ज्यांना जमेल ते पुण्याला. मीही परभणी जिल्ह्यातून अशीच आले. माझ्या वसतिगृहात नंदुरबारपासून चंदगडपर्यंतच्या मुली आहेत आणि आमच्या गप्पांमध्ये अभ्यासाच्या खालोखाल, खरं सांगायचं तर अभ्यासाच्याही वर, एकच विषय असतो: आज जेवायला काय, आणि कितीला.

उच्च शिक्षणाच्या खर्चावर आपल्याकडे बरंच बोललं जातं, पण ते बोलणं फीपाशी सुरू होतं आणि फीपाशीच संपतं. 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय आहे, आमच्यातल्या काहींचं शिक्षण त्यामुळेच चालू आहे. पण फी वर्षातून एकदा भरायची असते आणि ती भरायला बाप कर्ज काढतो, मामा मदत करतो, काही ना काही होतं. जेवण रोज दोनदा लागतं. त्यासाठी कुणी कर्ज काढत नाही. ते सरळ कमी करता येतं, आणि कमी केलेलं कुणाला दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यार्थ्याचं जेवण हा शिक्षणाचाच खर्च समजला पाहिजे, आणि तो खर्च सरकारने खात्यात पैसे टाकून नव्हे, तर कॉलेजच्या आवारात चूल पेटवून उचलला पाहिजे.

जेवण कमी कसं होतं ते मेसच्या वहीत बघावं. आमच्या काकूंच्या मेसमध्ये भिंतीवर पाटी आहे: ‘तीन दिवसांच्या आतील खाडा धरला जाणार नाही.’ ज्यांनी कधी मेस लावली नाही त्यांच्यासाठी सांगते, खाडा म्हणजे जेवायला न आलेला दिवस. आधी सांगून सलग चार-पाच दिवस गैरहजर राहिलं, तर तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. नियम रास्त आहे, काकूंनी कणीक मळून ठेवायची आणि पोरींनी यायचंच नाही असं कसं चालेल. पण महिनाअखेरीस काही मुली ‘गावाला चाललेय’ म्हणून खाडा लावतात आणि गावाला जात नाहीत. खोलीतच असतात. चुरमुरे, शेंगदाणे, बिस्किटं, चहा यावर चार दिवस काढतात आणि चारशे-पाचशे रुपये वाचवतात. काकूंना हे कळतं. त्या काही बोलत नाहीत, कारण बोलल्या तर मुलगी मेसच बदलेल.

मुलांकडे दुसरी युक्ती आहे, एका डब्यात दोघं. सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांच्या जिन्यात दुपारी बघा. एमपीएससीची तयारी करणारे दोघे एक डबा मध्ये ठेवून बसलेले असतात, वर दोन जास्तीच्या पोळ्या विकत घेतलेल्या असतात आणि भाजी पोळीला नुसती दाखवायची असते. काही मेसवाल्यांनी ‘एका डब्यात दोघांनी जेवू नये’ अशीही पाटी लावली आहे. पुणेरी पाट्यांचं कौतुक करणाऱ्यांनी ही पाटी कौतुकात धरलेली मी तरी बघितली नाही.

यावर सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं खोटं होईल. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयं योजना आहे. स्वाधार सुरू झाली तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनभत्ता 32,000, निवासभत्ता 20,000, निर्वाहभत्ता 8,000. भोजनभत्त्याला 365 ने भागा. दिवसाला 88 रुपये येतात, म्हणजे एका वेळचे 44. सकाळचे पोहे यात धरलेच नाहीत. पुण्यात आज दोन वेळची साधी मेस महिन्याला साडेतीन-चार हजारांच्या खाली मिळवायची तर बरंच चालावं लागतं, आणि या भत्त्याचे महिन्याला होतात 2,666. म्हणजे योजना पूर्ण मिळाली, वेळेवर मिळाली, तरी महिन्यातले सात-दहा दिवस उपाशी. आणि ती वेळेवर मिळत नाही, हे समाजकल्याणच्या कार्यालयात हेलपाटे घातलेल्या कुणालाही विचारा. जूनचं जेवण फेब्रुवारीत खात्यात जमा होतं.

पैसे की जेवण, हा वाद जुना आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. मोठ्या शहरांत महिन्याला साडेतीन हजार. ऐकायला हे किती छान वाटतं! ठेकेदार गेला, दलाल गेला, मुलांनी हवं तिथे हवं ते खावं. त्याच वर्षी जुलैच्या पावसात शेकडो आदिवासी मुलंमुली या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाले, आणि सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोट्याजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. हातात पैसे देतोय तर ही पोरं चालत का निघाली, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडला होता. मला तो आता पडत नाही.

खात्यातल्या पैशाला पाय फुटतात. पैसे आले की आधी खोलीचं भाडं थकलेलं असतं. मग परीक्षेचा फॉर्म, झेरॉक्स, बस पास. मग गावाकडून फोन येतो, आणि तो फोन करणारा बाप लबाड नसतो. त्याच्याकडे खरंच खताला पैसे नसतात. या सगळ्या मागण्या वाट बघत नाहीत. वाट बघणारी एकच गोष्ट असते, पोट. म्हणून पैशाच्या रूपात आलेलं जेवण सगळ्यात शेवटी जेवणावर खर्च होतं. तेच जेवण ताटात वाढून मिळालं तर त्यातून खत घेता येत नाही. यात विद्यार्थ्यावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. अठरा वर्षांच्या मुलीला घर आणि पोट यांच्यात निवड करायला लावूच नये, इतकंच.

सरकारी मेसचे ठेकेदार काय खायला घालायचे, हेही मला ऐकून माहीत आहे. करपलेली पोळी, पिवळं पाणी, त्याला नाव वरण. पण मेस वाईट होती तर ती सुधारायची की मोडायची? धरणाला गळती लागली म्हणून आपण लोकांना टँकरचे पैसे वाटत नाही. (वाटतो म्हणा. मराठवाड्यात वाढलेय मी.)

रेशनचाही एक सल्ला नेहमी येतो. एक देश एक रेशनकार्ड झालंय, तुमच्या वाट्याचं धान्य कुठेही उचला. उचलते की. आणि मग ते तांदूळ ठेवू कुठे, शिजवू कशावर? आमच्या वसतिगृहात इंडक्शन शेगडी जप्त होते, पाणी तापवायची किटलीसुद्धा लपवून ठेवावी लागते. पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मैत्रिणींची घरमालकीण त्यांना मॅगीपुरता गॅस वापरू देते, तेही रात्री नऊच्या आत.

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी मागायची. 1909 मध्ये सुरू झालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, या माधुकरीच्या आधारावरच उभं राहिलं. त्या व्यवस्थेत अपमान होता, उपकाराचं ओझं होतं, पण शिकायला आलेल्या पोराला जेवायला घालणं हे गावाचं काम आहे ही समज तिच्यात होती. अडचण एवढीच की ती समज जातीच्या उंबऱ्यापाशी थांबत होती. शेतकऱ्याच्या, चांभाराच्या, मुसलमानाच्या पोराला वार कोण देणार?

शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, अस्पृश्य मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. शाळा होत्याच, कमी होती ती जेवायची आणि झोपायची सोय, हे त्यांनी ओळखलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि त्यांच्या कामाचा गाभा वसतिगृह हाच राहिला. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आम्ही शाळेत भाषणांतून इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थ कानावरून जातो. मंगळसूत्र मोडलं ते फीसाठी नव्हे. इमारतीसाठी नव्हे. धान्यासाठी मोडलं.

‘कमवा आणि शिका’ योजना आजही विद्यापीठात आहे. तीन तास काम केल्यावर मिळणाऱ्या पैशांत दोन वेळचं जेवण आणि चहा निघतो का, हे कुणी एकदा हिशोब मांडून बघावं.

मग आता काय करायचं? महाराष्ट्रात स्वस्त जेवणाचे सरकारी प्रयोग झाले आहेत आणि त्यांच्यापासून शिकण्यासारखं आहे, विशेषतः काय करू नये ते. 1995 च्या युती सरकारची एक रुपयात झुणका भाकर केंद्रं आली आणि काही वर्षांत गेली. मागे राहिल्या त्या मोक्याच्या जागांवरच्या टपऱ्या, ज्यांत झुणक्याऐवजी चायनीज मिळायला लागलं. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. शहरात एका थाळीचा दर 50 रुपये धरून वरचे 40 सरकार देणार होतं. करोनात तर ती काही काळ पाच रुपयांत आणि मग फुकटही मिळाली, आणि कित्येकांना तिने तारलं. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने बघा. सुरुवातीला वेळ ठरली दुपारी बारा ते दोन, म्हणजे आमची प्रॅक्टिकल्स चालू असतात तेव्हा. केंद्रं एसटी स्टँड, दवाखाने, बाजार यांच्या जवळ. रात्रीचं जेवण नाही. आणि 30 ग्रॅमची चपाती हा प्रकार विसाव्या वर्षी हातात घेऊन बघा एकदा. त्यात पुढे केंद्रचालकांचं अनुदान महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या. केरळमध्ये कुटुंबश्री या बचत गटांच्या योजनेतल्या बायकांनी चालवलेल्या जनकीय हॉटेलांत 2020 पासून वीस रुपयांत जेवण मिळायचं, ताटामागे दहा रुपये सरकार द्यायचं. 2023 मध्ये ते दहा रुपये बंद झाले आणि जेवण महागलं. अनुदान थकलं किंवा थांबलं की चूल विझते, हा दोन्हीकडचा धडा.

मुंबईतल्या गिरणगावाचं उदाहरण मला जवळचं वाटतं. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार कुणाच्या जिवावर जेवत होते? खानावळवाल्या बायकांच्या. दहा बाय दहाच्या खोलीत त्या वीस-वीस जणांचा स्वयंपाक करायच्या, किराणा उधारीवर, व्याज सावकाराचं. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज पुण्यात गिरणी कामगारांच्या जागी विद्यार्थी आहेत आणि खानावळवालीच्या जागी आमच्या काकू. व्यावसायिक सिलेंडर, जागेचं भाडं, अन्न परवाना, तेलाचा डबा हे सगळं भागवून त्या मेसचा दर किती खाली आणतील? काकूंना लुटारू म्हणणारी पोरं मला आवडत नाहीत. त्यांच्याइतक्या स्वस्तात कुणी जेवण करून दाखवावं.

म्हणून कॉलेजने आणि विद्यापीठाने जागा, पाणी आणि वीज द्यावी, भाडं घेऊ नये. चालवायला बचत गट किंवा अशाच मेस चालवणाऱ्या बायका असाव्यात, बाहेरचा मोठा ठेकेदार नको. विद्यार्थ्याने तीस रुपये द्यावेत, कारण फुकटाबद्दल तक्रार करता येत नाही आणि मला तक्रारीचा हक्क हवा आहे. वरचे पैसे सरकारने द्यावेत, आणि ते महिन्याच्या महिन्याला. समजा ताटामागे सरकारचे 60 रुपये, लाखभर विद्यार्थी, वर्षातले 240 दिवस, एक वेळचं जेवण. 144 कोटी होतात. 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा होता. हजार रुपयांतले वीस पैसे.

ताटात काय असावं यावर मात्र माझं मत जरा आग्रही आहे. देशातल्या 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. आमच्या मजल्यावर सकाळी जिना चढताना धापा टाकणाऱ्या मुली मोजल्या तर हा आकडा कुणालाच खोटा वाटणार नाही. तेव्हा पालेभाजी हवी, उसळ हवी, आणि ज्यांना चालतं त्यांना अंडं हवंच. ज्यांना चालत नाही त्यांना दूध, केळं. पण अंडं खाणारा कुठे बसला यावर पहारा नको. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात शाकाहाऱ्यांसाठी सहा टेबलं राखीव झाली आणि विरोध करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. देशातली सगळ्यात हुशार म्हणवणारी मुलं जिथे असतात तिथे, एका टेबलावर बसून दोन प्रकारचं जेवण कसं जेवावं, हे सुटलं नाही.

आमच्या खोलीत ते केव्हाच सुटलंय. दिवाळीनंतर सगळ्यांचे डबे उघडतात तेव्हाची गंमत कुठल्याच मेसमध्ये मिळत नाही. जळगावची मुलगी कळण्याची भाकरी आणते, जुन्नरची मासवडी. माझ्या आईने येसर बांधून दिलेलं असतं आणि त्याची आमटी कशी करायची हे मी ऐटीत सांगते, शेगडी नसल्यामुळे ते सिद्ध करावं लागत नाही. मी ज्याला वरणफळं म्हणते त्याला साताऱ्याची मुलगी चकोल्या म्हणते आणि त्यात गूळ घालते, हा मला अजूनही गुन्हा वाटतो. कुलथाचे शेंगोळे मी पहिल्यांदा पुण्यात खाल्ले. महाराष्ट्र म्हणजे काय हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या डब्यांतून जास्त कळलं. कॉलेजच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून एक दिवस एकेका भागाचं जेवण ठेवलं तर धपाटे आणि पातोडीची ओळख मुलांना फोनच्या पडद्यावरून करून घ्यावी लागणार नाही. हे चैनीचं बोलणं वाटेल. पण गरिबाच्या पोराला फक्त उष्मांक लागतात आणि चव श्रीमंताला, असं कुणी ठरवलं?

‘आम्ही वडापाव खाऊन शिकलो’ असं सांगणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. शिकलात, मान्य. तुमच्याबरोबर वडापाव खाऊन शिक्षण सुटलेले, टायफॉइड होऊन गावी परतलेले, तेही कधीतरी सांगा. ते लग्नात भाषण करत नाहीत, पंगतीत वाढत असतात.

आणि एक बारीक अट. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात. दुपारी जरा चांगलं जेवण, मग आठवड्याची एवढीच सुट्टी, आणि काकूंना ती मिळालीच पाहिजे. पण त्या रात्री ज्यांच्याकडे पैसे असतात ते बिर्याणी मागवतात आणि ज्यांच्याकडे नसतात ते दुपारीच दोन पोळ्या कागदात गुंडाळून ठेवतात. सरकारी स्वयंपाकघर काढायचंच असेल तर त्याची सुरुवात खुशाल रविवारच्या रात्रीपासून करा. एकाच ठिकाणी दोन बचत गट नेमा, एकाने एका रविवारी सुट्टी घ्यावी, दुसऱ्याने पुढच्या, आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ ताट मिळावं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक दहाला बंद होतं, तेवढं वेळापत्रकात लक्षात ठेवा.